देवमाणसाला दर कसा विचारायचा?

वाचकाचं पत्र:

ताई, मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. गेल्या महिन्यात बाबांचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. धंतोलीतलं रुग्णालय, डॉक्टर तर देवमाणूस. बाबा चौथ्या दिवशी घरी आले, आता जेवतात, फिरतात. त्याबद्दल काही तक्रार नाही. पण ऑपरेशनच्या आधी तिथल्या मॅडमनी "ऐंशीपर्यंत होऊन जाईल" म्हणत केसपेपरच्या मागे ८० लिहून दिलं होतं, आणि हातात बिल पडलं १,६२,००० चं. आमची पाच लाखांची फॅमिली पॉलिसी आहे, कॅशलेस आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. कंपनीनं मंजूर केले १,१७,५००. उरलेले ४४,५०० मुलीच्या शाळेच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून भरले. सकाळी अकराला "सुट्टी झाली" म्हणाले, प्रत्यक्षात गाडीत बसलो रात्री साडेआठला.

डॉक्टरांना मी आधीच विचारणार होतो. पण बाबांनी केबिनच्या दारातच माझा हात धरला. "त्यायले पैशाचं काहून विचारतं रे? चांगलं दिसते काय?" मग मी गप्प बसलो. आता दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे. आई ७१ वर्षांची, तिला शुगर आहे. पॉलिसीला अडीच वर्षं झाली. या वेळी काय करू? डॉक्टरांना वाईट न वाटता कसं विचारायचं? आणि माझ्या साळ्याच्या ओळखीचे एक डॉक्टर त्याच रुग्णालयात आहेत, त्यांच्या शब्दानं बिल कमी होईल का?

एक मुलगा, मानेवाडा

*

भाऊ, बाबा बरे आहेत हे वाचून आधी बरं वाटलं. आता एक कबुली देते. याच शहरातल्या एका रुग्णालयात मी बावीस वर्षं बिलिंग काउंटरच्या आत बसले आहे. केसपेपरच्या मागे आकडा लिहून देणारी ती मॅडम मीच, असं समजून माझ्यावर रागवायलाही हरकत नाही. छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, गडचिरोलीहून आलेल्या माणसांना मी "अंदाजे इतके" असं शेकडो वेळा म्हटलं आहे. आकडा खोटा नसायचा. पण तो कुठल्या खोलीचा, किती दिवसांचा, औषधं धरून की सोडून, हे कुणी विचारलं नाही तर मीही सांगत नसे. रांग मोठी असायची.

तुम्ही बिल आणि मंजुरीपत्र दोन्हींचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलं, कारण तुमचे ४४,५०० कुठे गेले ते त्यात स्वच्छ दिसतं. ८० हा आकडा साध्या वॉर्डाचा, दोन रात्रींचा, औषधं वगळून होता. तुम्ही बाबांसाठी डिलक्स रूम घेतली, दिवसाला ७,५०० रुपयांची. तीन दिवसांचे २२,५०० झाले. आपल्याला वाटतं, खोली महाग म्हणजे खोलीचेच पैसे जास्त. तसं नसतं. बहुतेक खासगी रुग्णालयांत खोलीच्या दर्जाबरोबर सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांची राउंड, नर्सिंग, सगळंच वर चढतं. हातमोजे तेच, ऑपरेशन तेच, टेबल तेच, दर मात्र खोलीचा. तुमच्या बिलात हा सगळा भाग ८४,००० चा आहे. औषधं आणि साहित्य ३१,५००. तपासण्या २४,०००, कारण लिव्हरच्या रिपोर्टमध्ये थोडी गडबड दिसली म्हणून पित्तनलिकेचा एमआरआय करावा लागला.

आता विमा कंपनीकडून बघा. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का आहे, म्हणजे दिवसाला ५,०००. तुम्ही घेतली ७,५०० ची. कंपनी म्हणते, तुमचा हक्क दोन तृतीयांश खोलीचा, मग खोलीला जोडलेल्या सगळ्या खर्चाचे दोन तृतीयांशच देऊ. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. खोलीत दिवसाला अडीच हजार असे तीन दिवसांचे ७,५०० गेले, डॉक्टर-थिएटरच्या ८४,००० मध्ये २८,००० गेले. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग) यांच्यावर अशी कपात करता येत नाही, विमा नियामकानं तसं बजावलं आहे. आयसीयूच्या भाड्यालाही ती लागू नाही. पण साहित्यातले ९,००० 'न देण्याजोग्या वस्तू' म्हणून कापले. झाले ४४,५००. (पाच हजारांच्या वरच्या खोलीवर ५ टक्के जीएसटीही लागतो. तो हिशेब मी इथे बाजूला ठेवला आहे, नाहीतर तुमचं डोकं दुखेल.)

म्हणजे ३५,५०० रुपये एका खोलीच्या निवडीत गेले. ती निवड तुम्ही भरतीच्या काउंटरवर, बाबांना व्हीलचेअरवर बसवून, मागे पाच माणसं उभी असताना अर्ध्या मिनिटात केली असणार. सगळे तशीच करतात.

मागच्या बिलात अजून थोडं करता येईल ते आधी सांगते. रुग्णालयाकडून वस्तूवार बिल मागा, गोळाबेरजेचं नको. फार्मसीचं स्टेटमेंट वेगळं मागा आणि त्यात परत केलेल्या औषधांची वजावट शोधा. थिएटरमध्ये नेलेलं पण न वापरलेलं सामान परत जातं, त्याची एंट्री कधीकधी सुट्टीनंतर होते आणि पेशंट तोवर गावी गेलेला असतो. ९,००० च्या यादीत काय काय आहे तेही बघा. न देण्याजोग्या वस्तूंची नियामकाची एक यादी आहे, ६८ वस्तूंची. पण त्याच्याच जोडीला आणखी याद्या आहेत, त्यातल्या वस्तू खोलीच्या किंवा ऑपरेशनच्या दरातच धरायच्या असतात, पेशंटवर वेगळ्या लावायच्या नसतात. तुमच्या बिलातल्या दोन-तीन ओळी मला तशा वाटतात. कंपनीला ईमेल करा, प्रत्येक ओळीचं कारण विचारा. तीस दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे वकील लागत नाही. फार मोठी रक्कम सुटेल असं वचन देत नाही. पण आईच्या वेळी काय विचारायचं याची उजळणी होईल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे, आणि बाबांच्या त्या धरलेल्या हाताकडे.

बाबांचं मला कळतं. माझे वडीलही डॉक्टरांसमोर टोपी काढून उभे राहत. आपण लग्नाचा हॉल ठरवताना गॅस सिलिंडर कुणाचे, वीज मीटरप्रमाणे की ठोक, वाढपी किती, जास्तीच्या ताटाचे किती, सगळं विचारतो आणि ते हॉलवाल्याच्या पावतीवर लिहून घेतो. हॉलवाल्याला त्यात अपमान वाटत नाही. डॉक्टरांसमोर मात्र वाटतं, पैशाचं काढलं तर ते म्हणतील याला बापाच्या जिवापेक्षा पैसा मोठा. मी बावीस वर्षांत एकही डॉक्टर असं म्हणताना ऐकला नाही. चिडलेले ऐकलेत, पण ते बिलानंतर काउंटरवर भांडणाऱ्या नातेवाइकांवर. आधी विचारणाऱ्यावर नाही.

आणि बाबांना हेही सांगा की डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत, भारतीय वैद्यक परिषदेच्या, हे लिहून ठेवलं आहे: डॉक्टरनं आपली फी सेवा देण्याआधी सांगावी, ऑपरेशन किंवा उपचार सुरू झाल्यावर नाही. म्हणजे तुम्ही विचारता तेव्हा त्यांचंच एक काम सोपं करता. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली. तेव्हापासून रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद आणि खाट, आयसीयू, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग, ऑक्सिजन यांचे दर दिसतील असे लावणं बंधनकारक आहे. बोर्ड बहुतेक ठिकाणी असतो. कधी कुंडीच्या मागे असतो. कुंडी सरकवून फोटो काढून घ्या.

पण फक्त "किती खर्च येईल?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारू नका. त्याचं उत्तर डॉक्टरांना खरंच माहीत नसतं. ते म्हणतील, "ते बाहेर मॅडम सांगतील," आणि मॅडम ८० लिहून देतील. डॉक्टरांना वैद्यकीय प्रश्न विचारायचे. बिल छापतं काउंटर, पण त्यातली प्रत्येक ओळ आधी कुठल्यातरी डॉक्टरनं ओपीडीत, वॉर्डात नाहीतर थिएटरमध्ये लिहिलेली असते.

आईच्या गुडघ्याचंच घेऊ. ते ठरवून करायचं ऑपरेशन आहे, उद्या करायलाच पाहिजे असं नाही, त्यामुळे तुमच्याकडे वेळ आहे. डॉक्टरांना आधी सरळ सांगा: "सर, बाबांच्या वेळी आमचा हिशेब चुकला. या वेळी आधी समजून घ्यायचं आहे. पाच मिनिटं द्याल का?" एवढं म्हटलं की अर्धी भीड जाते, तुमची आणि त्यांचीही. मग विचारा, एक गुडघा करायचा की दोन्ही, आणि दोन्ही असतील तर एकाच भरतीत की वेगवेगळे. यावर अख्खं बिल फिरतं, आणि आईच्या वयाला, शुगरला काय झेपेल ते डॉक्टरच सांगू शकतात.

शुगरचं वेगळं विचारा. "तीन महिन्यांची सरासरी शुगर किती असली तर तुम्ही ऑपरेशन घेता?" ती आज जास्त असेल तर आत्तापासून फिजिशियनकडे दाखवून आटोक्यात आणा. ते स्वस्तात होतं. नाहीतर आई भरती होते, सकाळी रिपोर्ट येतो, ऑपरेशन पुढे ढकललं जातं, आणि शुगर उतरवायला दोन दिवस ७,५०० च्या खोलीत पडून राहायचं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की मला त्या पेशंटांची नावंही आठवतात.

मग इम्प्लांट. "सर, कुठल्या कंपनीचं, कुठल्या प्रकारचं बसवणार, आणि आईसाठी तेच का?" गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती सरकारनं ऑगस्ट २०१७ पासून ठरवून दिल्या आहेत. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी असा आकडा होता. तो नंतर बदलत आला आहे, सध्याचा राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघून कागदावर लिहून न्या. महागड्या धातूचं इम्प्लांट सुचवलं तर लगेच संशय घेऊ नका, एखाद्याला धातूची ॲलर्जी असते. कारण विचारा, एवढंच. इम्प्लांटच्या डब्यावर स्टिकर असतात, ब्रँड, बॅच नंबर सगळं असतं त्यावर. ते डिस्चार्ज फाइलला लावून द्या, असं आधीच सांगून ठेवा.

रोबोटनं करणार का, हेही विचारा. हल्ली रामदासपेठेपासून धंतोलीपर्यंत फलक लागले आहेत. त्याचे पैसे वेगळे लागतात आणि अनेक पॉलिसींत रोबोटिक शस्त्रक्रियेला उपमर्यादा असते, म्हणजे तिच्यासाठी ठरावीक रकमेपर्यंतच पैसे मिळतात. "रोबोटशिवाय केलं तर आईच्या बाबतीत काय फरक पडेल?" असं विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाचं उत्तर खुशीत देतो, त्याच्या आवडीचा विषय असतो तो.

तपासण्यांच्या बाबतीत एकच वाक्य पाठ करा: "सर, हा रिपोर्ट आला की उपचारात काय बदलेल?" बाबांच्या एमआरआयला याचं उत्तर पक्कं होतं. नलिकेत खडा असता तर आधी तो दुर्बिणीनं काढावा लागला असता. तो खर्च मी योग्यच म्हणेन. पण महिनाभरापूर्वीचा ईसीजी, इको, रक्ताचे रिपोर्ट घरात पडलेले असताना सगळं नव्यानं होतं ते केवळ जुनी फाइल कुणी टेबलावर ठेवली नाही म्हणून. ठेवा. "हे चालतील का?" विचारा. काही चालतील, काही नाही.

दुसऱ्या डॉक्टरांच्या भेटी हा बिलातला असा कोपरा आहे की तिथे कुणाचं लक्षच जात नाही. बाबांना हृदयरोगतज्ज्ञ तीन वेळा बघून गेले, तुम्हाला वाटलं राउंडवर आले. प्रत्येक भेटीची फी लागली आहे, आणि खोलीच्या दरानं. आईच्या वेळी सांगून ठेवा: "दुसऱ्या कुणाला बोलवायचं असेल तर जरूर बोलवा, फक्त आधी आम्हाला कळवा." वॉर्डातल्या सिस्टरलाही सांगा आणि फाइलवर तुमचा मोबाइल नंबर लिहा.

घरी आल्यानंतरचं विचारायला लोक विसरतात. फिजिओथेरपी किती आठवडे, घरी येऊन की तिथे जाऊन? वॉकर, कमोड खुर्ची, रक्त पातळ करायच्या गोळ्या किती दिवस? फिजिओथेरपीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि दिवस लिहून घ्या, पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या खर्चाची तरतूद असते, पण चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही. औषधं रुग्णालयाच्याच दुकानातून घ्यायची सक्ती नसते. औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का, असं विचारा. औषध जेनेरिक नावानं लिहावं असं त्याच २००२ च्या संहितेत आहे. शुगर-बीपीची रोजची औषधं जनऔषधी दुकानातून आणलीत तर फरक तुम्हालाच दिसेल.

इथवर डॉक्टर. यानंतर काउंटरवर जायचं, आणि तिथे अजिबात भीड धरायची नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एका कागदावर उतरवून द्या आणि म्हणा, "या प्रमाणे लेखी एस्टिमेट द्या, तीन प्रकारच्या खोल्यांचं." शिक्का असलेल्या लेटरहेडवर. केसपेपरच्या मागे नको. पॅकेज म्हणाले तर पॅकेजमध्ये काय आहे ते विचारूच नका, ते सांगतीलच. त्यात काय नाही ते विचारा. इम्प्लांट आत की बाहेर? रक्ताची पिशवी? दुसरे डॉक्टर? एक दिवस जास्त राहिलं तर दिवसाचे किती? आणि एस्टिमेटच्या वर जायची वेळ आली तर कोण, कधी फोन करणार? मी काउंटरवर असताना हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या घरांच्या फाइलवर आम्ही पेन्सिलनं एक खूण करायचो. त्यांना खरंच फोन जायचा.

विम्याचं आता थोडक्यात, पण काळजीपूर्वक वाचा. गुडघा बदलायच्या शस्त्रक्रियेला बहुतेक पॉलिसींत ठरावीक प्रतीक्षाकाळ असतो, तो संपेपर्यंत कंपनी त्याचे पैसे देत नाही, पुष्कळदा दोन वर्षांचा, काहींत तीन. तुमची अडीच झाली. आईची शुगर पॉलिसी घेतानाच होती आणि लिहिली होती, तर पूर्वीपासूनच्या आजारांचा काळ वेगळा असतो, एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा. लिहिली नव्हती तर तो वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, मला पुन्हा पत्र लिहा. तुमची पॉलिसी घरात सगळ्यांची मिळून पाच लाखांची, त्यातले १,१७,५०० बाबांवर गेले. या वर्षापुरते उरले ३,८२,५००. नूतनीकरणाची तारीख बघा. ती डिसेंबरात असेल आणि डॉक्टर म्हणत असतील की महिनाभर थांबलं तरी चालतं, तर ऑपरेशन जानेवारीत घ्या. हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, त्यांना यात नवल वाटत नाही. ठरवून भरती असली की अठ्ठेचाळीस तास आधी कॅशलेसचे कागद टीपीए डेस्कवर (रुग्णालयातलं विम्याचं टेबल) द्या, आणि मंजुरीपत्रात खोलीची मर्यादा किती लिहिली आहे ते वाचूनच खोली निवडा.

आई ७१ वर्षांच्या आहेत, म्हणजे एक दार तुम्ही ठोठावलेलंच नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. खासगी विमा असला तरी मिळतं. आधार कार्ड लागतं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना वेगळी आहे, तीही आता रेशन कार्डाच्या रंगावर अडत नाही. मात्र योजनेत सगळी रुग्णालयं नसतात आणि एका रुग्णालयातही सगळ्या शस्त्रक्रिया नसतात. म्हणून १५५३८८ वर फोन करा, किंवा योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारा की गुडघ्याचं पॅकेज नागपुरात कुठे कुठे चालू आहे. मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आणि मिहानमधलं एम्स, दोन्हीकडे एकदा अस्थिरोग विभागात दाखवून या. वेळ जातो, रांग असते, खोटं नाही सांगत. पण ऑपरेशन तिथे नाही केलं तरी दुसरं मत मिळतं, आणि धंतोलीचं एस्टिमेट हातात धरून बसताना तुलनेला काहीतरी असतं. तुम्ही ठरवाल ते रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर तिथे दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तुम्ही बसणार नाही त्यात बहुधा, पण कंपनीतल्या कंत्राटी पोरांना सांगून ठेवा.

सुट्टीच्या दिवसाबद्दल. मे २०२४ पासून असा नियम आहे की रुग्णालयाकडून अंतिम बिल गेल्यावर विमा कंपनीनं तीन तासांत मंजुरी द्यायची, उशिरामुळे वाढलेला खर्च कंपनीनं सोसायचा. तुम्ही म्हणाल, मग साडेनऊ तास कसे लागले? घड्याळ सुरू होतं रुग्णालयानं कागद पाठवल्यावर. अकराला डॉक्टर "जा घरी" म्हणाले, डिस्चार्ज समरी टाइप झाली दोनला, फार्मसीचा हिशेब आला चारला, मग फाइल निघाली. उपाय आदल्या रात्रीच्या राउंडला करायचा. "उद्या सुट्टी देणार असाल तर समरी आजच लिहून होईल का?" हे डॉक्टरांना विचारायचं, टीपीए डेस्कला नाही.

अचानक काही झालं तर यातलं काहीच लागू नाही. छातीत दुखायला लागलं तर एस्टिमेट मागत बसू नका, जवळचं रुग्णालय गाठा. जीव वाचवण्याचा पहिला उपचार पैशांसाठी अडवता येत नाही. जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं आहे. मात्र घरातला एक माणूस पैशांच्या बोलण्यासाठी ठरवा, तोच जो पेशंटजवळ रडत नाही. रोज संध्याकाळी त्यानं चालू बिल मागायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूच्या डॉक्टरांना विचारायचं की आज काय नवीन सुरू केलं, काय बंद केलं, वॉर्डात कधी हलवणार. माझ्या मोठ्या दिरांच्या वेळी, आयुष्यभर काउंटरवर बसलेली मी, सहा दिवस आयसीयूच्या बाहेर नुसती बाकावर बसून होते. बिल बघायचं सुचलंच नाही. सातव्या दिवशी पुतण्यानं विचारलं, "काकू, काल वॉर्डात हलवता आलं असतं का?" डॉक्टर म्हणाले, "परवाच आलं असतं, वॉर्डात खाट रिकामी आहे की नाही ते कुणी बघितलं नाही."

राहिला तुमचा साळा. ओळखीच्या डॉक्टरांच्या शब्दानं शेवटच्या बिलातून चार-पाच हजार सुटतात. मी स्वतः असे कितीतरी आकडे लाल पेनानं कमी केले आहेत, आणि घेणारा हात जोडून गेला आहे. तो सवलत मागत होता ती कशावर, हे त्याला माहीत नव्हतं. त्या डॉक्टरांची ओळख वापरायचीच असेल तर ऑपरेशनच्या आधी वापरा. लेखी एस्टिमेट घेऊन त्यांच्याकडे दहा मिनिटं बसा आणि म्हणा, "यातलं काय राहिलंय ते सांगा." त्यांना ते दोन मिनिटांत दिसेल. आणि जाताना आईला सोबत न्या, गुडघा त्यांचा आहे. बाबांना घरी टीव्हीसमोर बसवून जा.